नागपुरात सायकल रुजवायची, तर गटाने काम कुठून सुरू करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दर रविवारी पहाटे आपला गट फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि अंबाझरी परिसरात सायकल फेरी काढतो, पर्यावरण दिनाला मोठी रॅली होते, महापालिकेला सायकल ट्रॅकसाठी निवेदनेही दिली आहेत, तरीही शहर अधिकाधिक मोटारींचे होत चालले आहे, तेव्हा स्थानिक गटाने वेगळे काय करावे? रस्ते-नियोजन आणि नागरिक गट या दोन्हींमध्ये अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, लोकांना सायकलकडे वळवण्याच्या प्रयत्नाआधी, जे आजही रोज सायकलवर आहेत त्यांचे प्रतिनिधित्व गटाने स्वीकारले पाहिजे, आणि संपूर्ण शहरासाठी ट्रॅक मागण्याऐवजी एक रस्ता व त्यावरचा एक चौक हाती घेऊन तो बदलेपर्यंत सोडता कामा नये.

हौशी सायकलिंगात नागपूर मुळीच मागे नाही. दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, येथे नियमित होतात, आणि डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार पार करणारी सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली तेव्हा साऱ्या शहराला अभिमान वाटला. या मंडळींमुळे सायकलला प्रतिष्ठा मिळाली, हे खरेच आहे. मात्र सकाळी सहाच्या सुमारास हिंगणा मार्गावर उभे राहिल्यास एमआयडीसीतल्या पाळीसाठी निघालेले कामगार दिसतात, कळमना बाजाराच्या दिशेने जाणारे हमाल दिसतात, रात्रपाळी संपवून घरी परतणारे सुरक्षारक्षक, पेपर टाकणारी मुले आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले दूधवाले दिसतात. यांपैकी बहुतेकांकडे हेल्मेट नसते, सायकलला मागचा लाल दिवा नसतो, आणि स्वतःला ‘सायकलिस्ट’ म्हणवून घेण्याचे त्यांच्या मनातही येत नाही. शहरातल्या सायकल प्रवासाचा कणा तेच आहेत, आणि सायकलीविषयी महापालिकेत होणाऱ्या बैठकींत अनुपस्थित असतात तेही तेच. अधिकाऱ्यांसमोर फक्त रविवारी सायकल चालवणारे लोक बसले की सायकल ही छंदाची बाब ठरते आणि छंदासाठी तलावाकाठचा एक देखणा ट्रॅक पुरेसा मानला जातो. वर्धा मार्ग ओलांडताना रोज जीव मुठीत धरणारा माणूस त्या चर्चेत येतच नाही.

म्हणून पहिले काम या लोकांपर्यंत पोहोचण्याचे आहे. त्यासाठी सर्वांत उपयोगी जागा म्हणजे सायकल दुरुस्तीचे दुकान. प्रत्येक वस्तीत एखादा मिस्त्री असतोच, आणि कोणत्या रस्त्यावर रिम वाकते, कोणत्या चौकात अपघात होतात, कोणत्या शाळेच्या मुली सायकल सोडून ऑटोने जाऊ लागल्या, हे तो कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा नेमके सांगतो. गटातील दोघा-तिघांनी अशा दुकानांत संध्याकाळी नियमितपणे बसावे, चहा घ्यावा आणि शक्यतो ऐकावे. अशा गप्पांतून चार-पाच कामगार आणि एक-दोन महिला गटाच्या बैठकीला येऊ लागल्या, तरी चर्चेचे विषय आपोआप बदलतात. बैठकीची वेळही त्यांच्या सोयीची असावी. रविवारी पहाटे सहाची वेळ घरकाम करणाऱ्या बाईला कधीही जमणार नाही.

दुसरे काम मोजणीचे. माझ्या अनुभवात याच एका कामाने गटाचे वजन सर्वाधिक वाढते, आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते. ‘या रस्त्यावर सायकली आहेत कुठे?’ हा प्रश्न अभियंता विचारणारच, आणि त्यावर गटाकडे आकडा नसेल तर बैठक तिथेच संपते. जनगणनेने २०११ मध्ये कामावर जाण्याचे साधन विचारले होते, ती माहिती पार्श्वभूमीसाठी उपयोगी आहे. पण ती जुनी आहे, त्यात शाळकरी मुले नाहीत आणि ती विशिष्ट चौकाविषयी काहीच सांगत नाही. मोजणी स्वतःच करावी लागते. निवडलेल्या चौकाच्या प्रत्येक बाजूला एक जण उभा करावा, सकाळी सहा ते दहा आणि सायंकाळी पाच ते आठ या वेळेत दर पंधरा मिनिटांची स्वतंत्र नोंद ठेवावी, आणि पुरुष, महिला, शाळकरी मुलगे-मुली व मालवाहू सायकली असे वेगळे रकाने करावेत. कोणत्या बाजूने आले आणि कुठे वळले, हेही लिहावे. किमान तीन कामाचे दिवस मोजल्याशिवाय आकडा बाहेर देऊ नये, कारण एखाद्या सणाने किंवा पावसाने चित्र पार बदलते. महिलांचा रकाना विशेष काळजीने भरावा. जिथे रस्ता सुरक्षित वाटतो तिथे महिला आणि मुली सायकलवर दिसतात आणि जिथे तो धोक्याचा वाटतो तिथून त्या सर्वांत आधी नाहीशा होतात; त्यामुळे रस्त्याची गुणवत्ता तपासण्याचे हे सर्वांत स्वस्त आणि विश्वासार्ह माप आहे.

मोजणीत आणखी एक गोष्ट हमखास दिसेल, ती म्हणजे उलट दिशेने येणारे सायकलस्वार. त्यांना बेशिस्त म्हणून मोकळे होण्याचा मोह गटातील मोटारचालक सदस्यांनाही होतो. प्रत्यक्षात अशा ठिकाणी दुभाजक किती अंतरापर्यंत सलग आहे ते मोजून पाहावे. समोरच्या बाजूच्या कारखान्यात जाण्यासाठी पुढच्या कटपर्यंत जाऊन परत यायचे, म्हणजे दीड-दोन किलोमीटरचा फेरा आणि दोन वेळा जड वाहनांच्या मधून यू-टर्न, असा पर्याय असेल तर पायाच्या बळावर चालणारे वाहन कडेकडेने उलटेच येणार. उलट दिशेची दाट वर्दळ जिथे आढळते, तिथे ओलांडण्याची सोय नाही असा निष्कर्ष काढावा आणि तीच मागणी मांडावी.

आता मागणी कशाची करावी, याविषयी. बहुतेक निवेदनांत ‘सायकल ट्रॅक’ एवढाच शब्द असतो. माझ्या मते आधी वेग आणि चौक यांविषयी बोलले पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते, ३० च्या वेगाने ती सव्वाआठ मीटर जाते. म्हणजे चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच पाच-सहा मीटरचा फरक पडतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, ५० च्या वेगाने बसणारी धडक ३० च्या धडकेपेक्षा पावणेतीन पटींहून जास्त ऊर्जेची असते. याच कारणासाठी रस्ता सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने, जिथे पादचारी व सायकलस्वार वाहनांमध्ये मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा मांडली. धरमपेठ, लक्ष्मीनगर, रामदासपेठ, महाल, इतवारी या भागांतील आतल्या रस्त्यांवर वेगळा ट्रॅक करण्याइतकी जागाच नाही आणि त्याची गरजही नाही. तिथे वेग खऱ्या अर्थाने ३० वर आला तर सगळा रस्ताच सायकलीसाठी योग्य होतो. नुसत्या फलकाने वेग कमी होत नाही, हे मात्र स्पष्टपणे सांगावे. अरुंद केलेली मार्गिका, उंचावलेले पादचारी ओलांडणे आणि आखूड वळणे यांनी तो कमी होतो.

आखूड वळण, म्हणजे कमी त्रिज्येचा कोपरा, हा मुद्दा सविस्तर सांगतो, कारण नागपूरच्या रुंद चौकांत तो जीवन-मरणाचा आहे. आपल्याकडे सिग्नलच्या चौकात डावीकडे वळणाऱ्यांसाठी ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे सिग्नलला न थांबता वळण्याची मुभा, ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्यासाठी कोपरा मोठ्या त्रिज्येचा, सफाईदार गोलाईचा केला जातो. वाहनाला वळताना वेग कमी करावा लागू नये, हाच त्यामागचा हेतू असतो. परिणामी, सरळ जाणारा सायकलस्वार रस्त्याच्या डाव्या कडेने चौकात येतो आणि त्याच क्षणी त्याच्या उजवीकडून येणारे वाहन वेगात डावीकडे वळत त्याची वाट कापते. ट्रक किंवा बस असेल तर चालकाला डावीकडचा सायकलस्वार आरशात दिसतच नाही, आणि वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जात असल्याने तो बाजूच्या पत्र्याला लागून खाली ओढला जातो. हा धोका हेल्मेटने टळत नाही आणि जनजागृतीनेही टळत नाही. कोपऱ्याची त्रिज्या कमी करून वळणारे वाहन जवळजवळ थांबल्यासारखे हळू करणे, फ्री लेफ्ट बंद करून त्याला सिग्नलखाली आणणे, सायकलींसाठी थांबारेषा मोटारींच्या पुढे नेणे आणि वळणाच्या तोंडाशी रस्ता पदपथाच्या पातळीपर्यंत उंचावणे, हे उपाय आहेत. यांपैकी एखादा उपाय एका चौकात झाला, तर कित्येक किलोमीटरच्या रंगीत पट्ट्यापेक्षा अधिक उपयोग होईल असे मी निःशंकपणे म्हणेन.

नागपूरची एक खास अडचण सिमेंट रस्त्यांची आहे. मुख्य मार्गिका काँक्रीटची आणि कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक), अशी रचना बहुतेक ठिकाणी दिसते. दोन्हींच्या सांध्यात पातळीचा फरक राहतो, गट्टू खचतात, आणि तीच पट्टी पार्किंगने भरलेली असते. सायकलस्वाराला कडेवर जागा नाही आणि काँक्रीटवर गेल्यास मागून हॉर्न. शिवाय सायकलचे बारीक चाक त्या सांध्यात समांतर अडकले की तोल जातो, तोही वाहनांच्या बाजूला. काँक्रीटची कड आणि गट्टू एका पातळीत आणणे ही कमी खर्चाची, देखभालीच्या कामात बसणारी मागणी आहे, आणि कनिष्ठ अभियंत्यालाही ती आपल्या अधिकारात पूर्ण करता येण्यासारखी असते. गटाने सुरुवातीला असे एखादे काम पूर्ण करून घ्यावे. त्यातून सदस्यांना धीर येतो आणि कार्यालयाशी ओळख होते.

रंगवलेल्या पट्ट्यांविषयी सावध राहावे असे मी का म्हणतो, तेही सांगतो. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत २०२१ साली पुरस्कार मिळालेल्या अकरा शहरांत नागपूरही होते. म्हणजे इच्छा, कल्पकता आणि चांगले अधिकारी या शहरात आहेत. पण रंगाची रेषा वाहनाला अडवत नाही. ती आखली की काही काळाने तिच्यावर मोटारी उभ्या राहतात आणि मग ‘ट्रॅक दिला, पण कुणी वापरत नाही’ असा शेरा मारला जातो. पुण्यात या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेले ट्रॅक बसथांबे, विजेच्या पेट्या आणि टपऱ्यांनी तुटक झाले, आणि तुटक ट्रॅक हा नसल्यासारखाच असतो. ट्रॅक मागायचाच असेल तर तो कठड्याने वेगळा केलेला, सलग आणि चौकातून पार नेणारा असावा, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ११’ या सायकल ट्रॅकविषयीच्या, २०१५ मध्ये सुधारलेल्या संहितेनुसार असावा, असे निवेदनात नाव घेऊन लिहावे. अभियंता स्वतःच्या संहितेला सहजासहजी नाकारू शकत नाही.

‘आपल्याकडे ४५ अंश तापमान असते, इथे युरोपची उदाहरणे चालणार नाहीत’ हा आक्षेप प्रत्येक बैठकीत येतो. त्याला स्पेनमधील सेव्हिल शहराचे उत्तर द्यावे, कारण तेथेही उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. तिथे ‘आ कोन्त्रामानो’ हा सायकलस्वारांचा गट १९८७ पासून काम करत होता. २००३ च्या निवडणुकीनंतर आलेल्या आघाडीने सायकल मार्गांचा विषय कार्यक्रमात घेतला, आणि २००६-०७ च्या सुमारास, थोडक्या काळात, सुमारे ८० किलोमीटरचे एकमेकांना जोडलेले, कठड्याने वेगळे केलेले मार्ग तयार झाले. जागा मुख्यतः मोटारींच्या पार्किंगमधून घेतली गेली. काही वर्षांतच सायकल प्रवास कित्येक पटींनी वाढला. यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, राजकीय संधी आली तेव्हा त्या गटाकडे वर्षानुवर्षांची तयारी होती. नेदरलँड्सचेही तसेच. तेथे १९७१ मध्ये रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची पालकांची चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज आदर्श वाटणारी ती शहरे तेव्हा मोटारींच्याच वाटेने निघाली होती.

म्हणून उन्हाचा मुद्दा झटकून टाकावा, असे मी सुचवत नाही. सावली ही नागपुरात सायकल मार्गाइतकीच मूलभूत सुविधा आहे. सिव्हिल लाइन्समधील जुन्या झाडांखालून एप्रिलच्या दुपारी जाणे आणि रिंग रोडवरून जाणे यातील फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला अधिक सांगण्याची गरज नाही. रस्ता रुंदीकरणात झाडे तोडण्याची सूचना निघते तेव्हा वृक्ष प्राधिकरणाकडे मुदतीत हरकत नोंदवणे हे सायकल गटाचेच काम समजावे आणि शहरातील वृक्षप्रेमी गटांबरोबर ते करावे.

निवेदन कुणाला द्यायचे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. नागपुरात रस्ता महापालिकेचा असू शकतो, सुधार प्रन्यासचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. वर्धा मार्गावर २०२० मध्ये खुल्या झालेल्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलात तर नागपूर मेट्रो चालवणारी महामेट्रो आणि महामार्ग प्राधिकरण दोघेही आहेत, आणि खाली, खांबांच्या आजूबाजूने रस्ता ओलांडणाऱ्या सायकलस्वाराची जबाबदारी कुणाची, हे ठरवतानाच पत्रव्यवहार लांबतो. म्हणून आधी रस्त्याची मालकी आणि मंजूर आराखडा माहिती अधिकारात मागवावा. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत साधारणतः तीस दिवस आहे. रस्त्याचा मंजूर आडवा छेद (रुंदीत कशाला किती जागा, हे दाखवणारा नकाशा) आणि सुरक्षा लेखापरीक्षणाचा अहवाल यांच्या प्रती वेगवेगळ्या अर्जांत मागाव्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ हेही माहीत असावे. रस्त्याचे आरेखन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा, सल्लागार वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. या कलमाचा उल्लेख धमकीच्या सुरात करू नये. संहितेपासून रचना कुठे ढळली आहे, ते छायाचित्र व मापासह दाखवावे आणि कलम शेवटी एका ओळीत नमूद करावे.

यानंतर येते चाचणी. कायमस्वरूपी बांधकाम मागण्याऐवजी, वाहतूक पोलिसांची परवानगी घेऊन दोन आठवड्यांसाठी कोपऱ्यावर शंकू, पाण्याने भरलेले बॅरिकेड आणि चुन्याच्या रेषा वापरून वळण आखूड करण्याचा प्रस्ताव द्यावा. अधिकाऱ्याला यात धोका कमी वाटतो, कारण जमले नाही तर एका सकाळी सगळे उचलता येते. चाचणीच्या आधी आणि चाचणीदरम्यान त्याच पद्धतीने, त्याच वेळेत मोजणी करावी. सोबत वळणाऱ्या वाहनांचा वेग आणि सिग्नलवर साचणाऱ्या रांगेची लांबीही नोंदवावी, कारण कोंडी वाढेल ही भीती पोलिसांची खरी भीती असते आणि तिचे उत्तर आकड्यानेच द्यावे लागते. रांग वाढल्याचे दिसले तर तेही अहवालात प्रामाणिकपणे लिहावे आणि सिग्नलच्या वेळेत बदल सुचवावा. ज्या गटाचा अहवाल स्वतःच्या विरोधातील आकडाही देतो, त्याला पुढच्या वेळी अधिकारी स्वतःहून बोलावतात.

दुकानदारांशी बोलणे चाचणीपूर्वी झालेच पाहिजे. सीताबर्डीत किंवा गोकुळपेठेत पार्किंगचा विषय निघाला की व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक तुटण्याची चिंता वाटते, आणि ती चिंता खोटी नाही. एका मोटारीच्या जागेत दहाएक सायकली उभ्या राहतात, हा हिशेब समजावून सांगावा. पण त्याआधी दुकानात येणारे गिऱ्हाईक कशाने येते, हे त्याच दुकानदाराच्या सहकार्याने दोन दिवस विचारून नोंदवावे. दुकानासमोर सायकलची चौकट साखळीने बांधता येईल असा उलट्या ‘यू’ आकाराचा पाइप बसवून द्यावा, कारण फक्त चाक अडकवणाऱ्या स्टँडवर सायकल चोरीला जाते आणि रिमही वाकते. मेट्रो स्थानकांबाहेरही हीच मागणी योग्य ठरेल. नागपूर मेट्रोने डब्यात सायकल नेण्याची मुभा दिली आहे, हे चांगलेच आहे. तरी रोजच्या प्रवाशाला स्थानकावर सुरक्षित जागा मिळणे अधिक उपयोगाचे आहे.

शाळांबाबत एवढेच सांगतो की मुख्याध्यापकांना भाषणासाठी वेळ मागू नये. शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासात फाटकासमोर मोटारी व व्हॅन उभ्या राहू न देण्याची विनंती करावी आणि त्या वेळेत स्वयंसेवक पुरवावेत. पालक मुलीला सायकल देत नाहीत ते फाटकासमोरचा तो गोंधळ पाहूनच.

रविवारची फेरी बंद करण्याची काहीच आवश्यकता नाही. तिच्यातून स्वयंसेवक मिळतात आणि नवख्यांना गर्दीत सायकल चालवण्याचा आत्मविश्वास येतो. फक्त महिन्यातून एकदा तिचा मार्ग तलावाकडून वळवून निवडलेल्या रस्त्यावरून न्यावा आणि त्या दिवशी झोनच्या सहायक आयुक्तांना व नगरसेवकांना सायकलवर सोबत येण्याचे निमंत्रण द्यावे. फ्री लेफ्टवर डाव्या कडेने एकदा उभे राहिलेल्या अधिकाऱ्याला पुढचे फारसे समजावावे लागत नाही.

वेळापत्रकाविषयी शेवटची सूचना. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पहिली मोजणी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पावसाची उघडीप पाहून करावी. माहिती अधिकाराचे अर्ज त्याच वेळी टाकावेत. ऑक्टोबरमध्ये दसरा व दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या बंदोबस्तात पोलीस गुंतलेले असतात, आणि डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनामुळे वाहतूक शाखेकडे दुसऱ्या कशालाही वेळ नसतो. म्हणून दोन आठवड्यांची चाचणी दिवाळीनंतर लगेच, अधिवेशनाच्या तयारीआधी उरकून घ्यावी. अहवाल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झोन कार्यालयात आणि मुख्यालयातील वाहतूक अभियंत्यांकडे एकाच दिवशी द्यावा, त्यासोबत अंदाजपत्रक जोडावे आणि अर्थसंकल्पाचा मसुदा स्थायी समितीपुढे जाण्यापूर्वी त्या चौकासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची वेगळी नोंद, मिळाले का, याचा पाठपुरावा दर आठवड्याला एकाच व्यक्तीने करावा.